तणमोराचे पंचांग

माळरानाबद्दल आपल्याकडे दोन मते चालतात. जुन्या मताप्रमाणे माळ ही वाया गेलेली जमीन आहे, तिथे काहीतरी लावले पाहिजे. पीक येत नसेल तर निदान झाडे. नवे मत जास्त शिकलेले आहे. माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे, तेव्हा तिच्याभोवती रेषा आखा, अभयारण्य जाहीर करा, गुरे बाहेर काढा, असे ते सांगते. पहिल्या मताला आता निसर्गप्रेमी मंडळी हसतात. दुसरे मतही जवळजवळ तितकेच उथळ आहे असे मला वाटते, आणि ते दाखवायला तणमोराइतका चांगला साक्षीदार नाही.

माझे म्हणणे असे. तणमोराला जमिनीचा तुकडा नेमून देऊन भागत नाही. त्याला मुदत लागते. मृगाच्या सरींपासून दसऱ्यापर्यंतचे साधारण सव्वाशे दिवस गवताला कोणी हात लावता कामा नये. नांगर नको, विळा नको, फवारा नको. त्यानंतर त्याच गवतात गुरे शिरली, पेंढ्या बांधल्या गेल्या, तरी त्याची तक्रार नाही. ही मुदत एके काळी जुन्या कुरणव्यवस्थेत आपोआप मिळत होती. व्यवस्था मोडली तसा पक्षीही गेला. आपले संरक्षणाचे कायदे मात्र नकाशा पाहून चालतात आणि हा पक्षी पंचांग पाहून जगतो.

पक्ष्याचा हिशेब

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला सर्वांत लहान पक्षी. नराचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, मादी त्याच्याहून थोडी मोठी. मध्य प्रदेश आणि राजस्थानात त्याला खरमोर म्हणतात. भारतीय उपखंडाबाहेर तो कुठेच नाही. एरवी वाळल्या गवताच्या रंगाचा असलेला नर पावसाळ्यात काळ्या मानेचा होतो, पंखांवर पांढरे पट्टे येतात आणि डोक्यामागे टोकाशी रुंदावलेली, वळलेली पिसे फुटतात. मग तो एका जागी उभा राहून सरळ वर उडी मारतो. माणसाच्या उंचीइतकी उडी, हवेत पंखांची खरखर, आणि पुन्हा गवतात गडप. दिवसभरात चारशे-पाचशे उड्यांच्या नोंदी आहेत. माद्यांना आणि दुसऱ्या नरांना आपण कुठे आहोत हे कळवण्याचा गवतात दुसरा मार्गच नसतो. शिकाऱ्यांनाही ते कळत असे. ब्रिटिश काळात उडी मारणारा नर टिपणे हा सोपा खेळ होता आणि तो ऐन विणीच्या हंगामात चालायचा.

या उडीत पक्ष्याच्या सगळ्या गरजा दडलेल्या आहेत. एक, गवत फार खुरटे असेल तर मादीला आणि पिल्लांना लपायला जागा नाही; फार उंच आणि दाट असेल तर उडीही दिसत नाही आणि चालताही येत नाही. मध्यम उंचीचे, विरळ, पावसाबरोबर वाढत जाणारे गवत त्याला लागते. दोन, मादी जमिनीवर अंडी घालते. सुमारे तीन आठवडे ती एकटी उबवते आणि पिल्ले एकटी वाढवते. नराचा त्यात हातभार नसतो. म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात गवतातून फिरलेला प्रत्येक नांगर, प्रत्येक विळा तिच्या घरट्यावरून जाण्याची शक्यता आहे. तीन, पिल्लांना नाकतोडे, भुंगेरे, अळ्या लागतात. हे किडे पावसाळी गवतात मुबलक असतात आणि कीटकनाशक पडले की उरत नाहीत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: हा पक्षी पावसामागे जातो. गुजरातेतला भावनगर, कच्छ आणि दाहोदचा भाग, राजस्थानात अजमेरजवळचे शोकलिया आणि प्रतापगड, मध्य प्रदेशात रतलाम, धार, झाबुआ, आणि आपल्याकडे अकोला-वाशीम, अशा पट्ट्यांत तो विणीसाठी येतो. हंगाम संपला की दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे विखुरतो. कोणत्या वर्षी कुठे किती उतरेल हे पावसावर ठरते. एखाद्या वर्षी सौराष्ट्र कोरडे गेले की तिथे नर दिसत नाहीत.

रवी शंकरन या अभ्यासकाने याच पक्ष्यामागे अनेक पावसाळे घालवले. त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या गणनांमधून मिळालेले अंदाज असे: १९८२ मध्ये ४,३७४, १९८९ मध्ये १,६७२, १९९४ मध्ये २,२०६ आणि १९९९ मध्ये ३,५३०. मधली घसरण ऐंशीच्या दशकातल्या सलग दुष्काळांची होती. पाऊस परतला तसे पक्षीही परतले. म्हणजे निसर्गाने मारलेला फटका ही जात सोसू शकत होती. पण २०१७-१८ च्या पाहणीत संख्या सातशेच्याही खाली आली. या वेळी दुष्काळाकडे बोट दाखवता येत नाही. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तणमोर अतिसंकटग्रस्त ठरला. पाऊस येत होता. पाऊस पडल्यावर जिथे उतरायचे ते गवत तिथे नव्हते.

एका शब्दाने केलेले नुकसान

झाडे लावणाऱ्या मताचा समाचार थोडक्यात घेतो, कारण तो पुष्कळ जणांनी घेतला आहे. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती वाया, हा महसुली विचार आपल्या भाषेत इतका मुरला आहे की त्याचा उगमही आठवत नाही. सातबारावर अजूनही ‘पोटखराबा’ असा रकाना असतो. पिकाखाली न येणारा तो खराबा. त्या खराब्यावर मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही गवते उभी असतात, खाली नाकतोडे आणि वर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. तलाठ्याच्या लेखी तिथे काही नसते. देशपातळीवर २००० पासून निघत आलेल्या पडीक जमिनींच्या नकाशावहीनेही खुरट्या झुडपांचे माळ याच खात्यात टाकले. खाते ‘पडीक’ म्हटले की पुढचे आपसूक होते. सलग समतल चर खणायचे, ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावायची, फलक उभा करायचा. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्राने पन्नास कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढे खड्डे खणायला मोकळी जागा कुठली मिळणार? माळच.

माळ म्हणजे तोडून टाकलेले जंगल, ही यामागची समजूत. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि मौखिक परंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातला हा उघडा, काटेरी, गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे असाच आहे. इंग्रजांनी जंगल तोडले आणि मग माळ झाला, ही गोष्ट निदान इथे लागू पडत नाही. चुकीच्या ठिकाणच्या झाडाचे काय होते हे कच्छच्या बन्नीत पाहावे. साठच्या दशकात रणाला आवर म्हणून तिथे वेडी बाभूळ लावली. आज आशियातल्या एका मोठ्या गवताळ प्रदेशाचा बराच भाग तिच्या काट्यांखाली गेला आहे.

कुरण हा एक करार होता

माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. तणमोर टिकला तो निर्मनुष्य माळावर टिकला नाही. तो राखलेल्या कुरणांत टिकला. मराठीत आपण कुरण ‘राखतो’. राखणे म्हणजे ठरावीक दिवस वर्ज्य करणे. पहिला पाऊस पडला की कुरण बंद. गुरे दुसरीकडे. गवत फुलून दाण्यावर आले, कुसळी टोचायला लागण्याआधीचा बेत साधला, की दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणी. पेंढ्या बांधून गंज्या रचल्या की उरलेल्या खुंटांवर गुरे सोडायची. सौराष्ट्रातल्या वीडी आणि माळव्यातली खाजगी ‘बीड’ कुरणेही याच वेळापत्रकाने चालत.

गावकऱ्यांनी हे तणमोरासाठी केले नव्हते. वैरण वाढावी, बी पडावे आणि पुढल्या वर्षी गवत यावे, एवढाच हेतू. पण कुरण बंद असण्याचा काळ आणि मादी अंड्यांवर बसण्याचा काळ एकच होता, आणि कापणी सुरू होईपर्यंत पिल्ले पंखांवर आलेली असत. शिवाय कापणी आणि नंतरची चराई यांमुळे दरसालचे गवत नव्याने उगवे; जुन्या वाळक्याचा थर साचत नसे, झुडपे माजत नसत. पुढच्या पावसात पुन्हा तेच मध्यम उंचीचे, मोकळे गवत. याचा अर्थ विळा आणि गुरे हीसुद्धा या अधिवासाची अंगे होती. प्रश्न फक्त ती कधी येतात एवढाच होता.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. अनेक कुरणे संस्थानिकांच्या शिकारीसाठी आणि घोडदळासाठी राखली जात. वेळावदरचे ३४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान, जिथे हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये जगातल्या सर्वांत मोठ्या थव्यांपैकी एकात रात्री गवतात उतरतात, ते मुळात भावनगरच्या महाराजांचे कुरण. गावकुरणातही कोणाची गुरे आधी शिरणार हे जात आणि पाटीलकी ठरवत असे. मी त्या समाजाकडे परत चला असे म्हणत नाही. त्या समाजाला एक गोष्ट जमत होती, तिचे नाव घेतो आहे.

मुदत मोडली कोणी

ती मोडली गवताचा भाव पडल्याने. बैल गेले, ट्रॅक्टर आले. गोठ्यात संकरित गाय आली, तिच्यापुढे मुरघास, नेपियर आणि उसाचे वाढे पडले. दसऱ्याला कापलेल्या वाळल्या गवताला गिऱ्हाईक उरले नाही. ज्या जिनसेला बाजार नाही तिच्यासाठी चार महिने जमीन कोण अडकवून ठेवील?

त्याच सुमारास सोयाबीन आले. माळव्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत, विदर्भात त्यामागोमाग. सोयाबीनचे वेळापत्रक तणमोराच्या वेळापत्रकावर बसवून पाहा. जून-जुलैत पेरणी, जुलैत तणनाशक, ऑगस्टमध्ये अळीसाठी फवारणी, सप्टेंबरअखेर काढणी. मादीच्या हंगामातला एकही आठवडा मोकळा सुटत नाही. ज्वारी-मुगाच्या बांधांवर, मधल्या पडीवर काही पक्षी तग धरत होते. शोकलियाच्या मिश्र शेतीत अजून धरतात. एकसलग सोयाबीनमध्ये ती फटही राहत नाही.

उरले गायरान. त्यावर आधी अतिक्रमणे, मग शासकीय इमारती आणि आता सौर पॅनेल. यात कुणी एक खलनायक नाही. गवत हे पीक आहे आणि थांबणे ही मशागत आहे, हे मानणारा हिशेबच नाहीसा झाला.

नकाशाने काय साधले

आता अभयारण्यवाल्यांकडे वळू. १९८३ मध्ये मध्य प्रदेशाने खास खरमोरासाठी दोन अभयारण्ये केली: रतलाम जिल्ह्यात सैलाना, सुमारे १३ चौरस किलोमीटर, आणि धार जिल्ह्यात सरदारपूर, सुमारे ३४८ चौरस किलोमीटर. डॉ. सालिम अली यांचा त्यात आग्रह होता आणि हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण सैलाना इतके लहान की पाऊस पाचपन्नास मैल सरकला तर पक्षी त्याच्या बाहेरच उतरणार. आणि सरदारपूर इतके पसरट की त्यात माणसांची शेते आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि पक्षी म्हणजे कटकट असे समीकरण झाले. ज्याच्या शेतात तणमोर दिसला त्याने तो कुणाला सांगू नये, यातच त्याचे हित ठरले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७९ मध्ये सोलापूर-नगरचा ८,४९६ चौरस किलोमीटर टापू माळढोक अभयारण्य झाला. त्यात गावे आली, शहरी वस्त्या आल्या, बागायती आल्या. तीसएक वर्षे लोकांनी आणि खात्याने एकमेकांशी भांडण्यात घालवली आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळढोक संपत आला. आज त्याच अभयारण्यातल्या नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आणि जिथे रेषा पक्की, पहारा पक्का, तिथेही गुरे कायमची बाहेर काढणे हा उपाय उलटू शकतो. भरतपूरच्या पक्षी-उद्यानाचे उदाहरण पाणथळीचे आहे, पण शिकण्यासारखे आहे. १९८२ मध्ये तिथे चराई बंद झाली. त्यावरून गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यामुळे गवत माजले आणि उथळ पाणी गुदमरू लागले. ज्यांना उपद्रव समजून हाकलले, ते त्या जागेचे काम करत होते.

अभयारण्ये मोडीत काढा असे यातून निघत नाही. वेळावदर नसते तर सौराष्ट्रातले चित्र याहून वाईट असते. पण पावसामागे फिरणाऱ्या पक्ष्याला चार मोठ्या किल्ल्यांपेक्षा चारशे लहान कुरणे जास्त उपयोगी, आणि ती लहान कुरणे गावांच्या मालकीचीच असणार.

तीन आक्षेप

“हवामान तापते आहे, आणि तुम्ही गवतावर अडून बसता?” हा आक्षेप लवकर मिटतो. झाडांनी कार्बन शोषला जातो हे खरे. पण माळावरची गवते आपला कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतात, जिथे वणवा पोहोचत नाही. कमी पावसाच्या माळावर लावलेली रोपे बहुतेक मरतात, आणि चर खणताना ती माती आपणच उपसतो. सौर ऊर्जेचा प्रश्न याहून खरा आहे. तिला जागा लागते. मात्र कारखान्यांची छपरे, कालवे, खराब झालेल्या खाणी यांच्याआधी गायरानच का आठवते? ते सर्वांत योग्य म्हणून नव्हे. तिथे आडवे येणारे धनगर, पारधी आणि शेळ्यावाल्या बाया यांच्याकडे सातबारा नसतो म्हणून. विजेच्या तारांचा धोका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोक आणि तणमोर या दोघांच्या संदर्भात मान्य केला होता. २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. पुढचा तिढा तांत्रिक समित्यांकडे गेला, पण गायरान हातचे सोडू नये हे ठरवायला समितीची गरज नाही.

“सातशे पक्ष्यांसाठी एवढा खटाटोप?” ज्याला हा प्रश्न पडतो त्याने तणमोर बाजूला ठेवावा. त्याच मुदतीवर लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, भोवत्या आणि गावची शेळीमेंढी जगते. तणमोर हा त्या मुदतीचा काटा आहे. तो उडी मारताना दिसला तर समजावे, इथे अजून कुणीतरी थांबते आहे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि मला तो सहज झटकता येत नाही. माळ मोकळा ठेवा, हे सांगायला ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचे काय जाते? दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणूनच. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी मार खाऊन, खटले सोसून गायराने कसली. त्यांच्यापुढे जाऊन तणमोराचे गुणगान करणे निर्लज्जपणाचे आहे. मी एवढेच म्हणतो: कसलेल्या गायरानांचे पट्टे त्या कुटुंबांना द्यावेत आणि तो वाद मिटवावा. इथे जे बोलतो आहे ते अजून गवताखाली असलेल्या, बहुधा पीक न येणाऱ्या उथळ मुरमाबद्दल. तोही आज भूमिहीनांना मिळत नाहीच. तो कंपन्यांच्या प्रकल्पांना मिळतो. त्यावर गावातल्या चराईदारांचा लेखी हक्क असेल, तर गवताला आणि गरिबालाही एकच संरक्षण मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची तरतूद आहे, आणि अकोला-वाशीमकडे फासेपारधी तरुणांनी कुरणे राखून दाखवली आहेत. ज्या समाजाला १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, ज्यांच्या फाशात एके काळी तित्तर आणि तणमोर अडकत, त्यांच्याइतके या पक्ष्याचे बसणे-उठणे कुणाला ठाऊक असणार?

थांबण्याचा मोबदला

मुदत विकत घेता येते. स्कॉटलंडच्या बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा गवतात घरटे करणारा स्थलांतरित पक्षी आहे. लवकर कापणीमुळे तो संपत आला होता. तिथल्या लहान शेतकऱ्यांना गवत उशिरा कापण्याबद्दल आणि शेताच्या मध्यातून कडेकडे कापत जाण्याबद्दल पैसे देण्यात आले. १९९३ मध्ये पाचशेच्या आत असलेले हाका देणारे नर २०१४ मध्ये बाराशेपलीकडे गेले. पुढे संख्या पुन्हा काहीशी उतरली, म्हणजे हे काम एकदा करून सोडायचे नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्ये गव्हाच्या शेतातली माँटेगूच्या भोवत्याची घरटी अशीच हेरून, कापणीच्या वेळी चौकोन सोडून वाचवतात. त्याच जातीचे मध्य आशियातले पक्षी आपल्या माळांवर हिवाळा काढतात. मध्य प्रदेशाच्या वनखात्यानेही खरमोराची खबर देणाऱ्या आणि तो राखणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे दिली आहेत. दिशा बरोबर आहे; फक्त बक्षीस पक्षी दिसल्यावर मिळण्याऐवजी मोबदला गवत राखल्याबद्दल मिळाला पाहिजे. पक्षी येणे पावसाच्या हातात आहे, गवत राखणे शेतकऱ्याच्या.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. गायरानाच्या, वनखात्याच्या कुरणांच्या लिलावात कापणीची तारीख घालता येते. रोजगार हमीच्या कामांच्या यादीत कुरणराखण बसवता येते. तणमोर येतो त्या मोजक्या तालुक्यांत बांधावरचे गवत आश्विनापर्यंत न फवारणाऱ्याला हेक्टरी रक्कम देता येते. ती झाडे लावून ती मरू देण्याच्या खर्चापेक्षा फार होणार नाही.

अकोला, वाशीम किंवा माळ असलेल्या कोणत्याही तालुक्यात तुमचे गाव असेल, तर एक ठराव मांडून पाहा: अमुक गटातले गवत दसऱ्याआधी कापायचे नाही, चारायचे नाही, त्यावर खड्डे खणायचे नाहीत, दसऱ्यानंतर पहिला हक्क मेंढ्या-शेळ्यांचा. पावसाळ्याआधीची शेवटची ग्रामसभा १ मे रोजी असते. तणमोर त्यानंतर दोन महिन्यांनी येतो.